उलटं धरलेलं पान

“जा की. तुला कुणी बांधून ठेवलंय?” बापू म्हणाले. “पण खुर्चीत माणूस बसवून जा. रिकामी खुर्ची मागं सोडलीस तर दाखला विसरायचा.”

बापू नेर्लेकर म्हणजे ‘घरोघर’ मासिकाचे मालक आणि संपादक. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गाळ्यात मासिकाचं ऑफिस होतं आणि तिथं अकरा वर्षं मी पानं लावत होतो. मजकूर, चित्रं, जाहिराती पानावर बसवायच्या, हे काम. कॉलेजात त्याला मॅगझिन डिझाइन म्हणतात. मी ते आधी डिंकानं कागद चिकटवत केलं, मग कॉम्प्युटरवर. शिकवलं कुणी नाही. चुकलं की बापू शिव्या द्यायचे, तेवढाच अभ्यासक्रम.

मला पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत नोकरी मिळाली होती. एक जुलैला हजर व्हायचं आणि येताना अनुभवाचा दाखला आणायचा, एवढीच त्यांची अट. दहावी नापास माणसाजवळ दुसरा कुठला कागद असणार? अकरा वर्षांचं माझं सगळं शिक्षण बापूंच्या सहीवर अडकलं होतं, आणि बापूंना ते पक्कं माहीत होतं.

“माणूस कुठनं आणू?” मी म्हणालो. “जून अर्धा संपला.”

“त्या डिझाइनच्या कॉलेजनं बोलावलंय न्हवं तुला? करिअर का काय ते सांगायला?”

“उद्या आहे.”

“मग तिथनंच उचल की एखादं. शिकाऊ म्हणून.”

“आणि पगार?”

“शिकायला मिळतंय, ते कमी हाय काय?” बापूंनी चष्मा कपाळावर चढवला. तो चढवला की बोलणं संपलं असं समजायचं.

कॉलेज गावाबाहेर माळावर होतं. नवी इमारत, काचा चकाचक, बाहेर एक झाड नाही. विभागप्रमुख हर्डीकर मॅडमनी मला केबिनमध्ये बसवलं आणि चहाबरोबर सूचनाही दिली.

“सर, जरा आशादायक बोला हं. पुढच्या आठवड्यात प्रवेश सुरू होतायत. हा विषय घ्यायला गेल्या वर्षी अकराच मुलं आली.”

“मॅडम, मला गोडगोड येत नाही.”

“गोड नको. आशादायक.” त्या हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आणि एका मुलीशी नंतर जरा बोला. तस्लीम मुजावर. शेवटच्या वर्षाला पहिली आली. शिरोली एमआयडीसीत खोकी छापणारा एक कारखाना आहे, मिठाईची, चपलांची खोकी, तिथं तिला डिझायनर म्हणून घेतायत. आज चारच्या आत होय का नाही ते कळवायचंय. पण तिच्या डोक्यात मासिकच बसलंय. तुमचं ‘घरोघर’ तोंडपाठ आहे तिला.”

मी चहाचा घोट घेतला. आत काहीतरी टुणकन उडालं. मला माणूस मिळाला होता, तोही पायानं चालत येणारा.

वर्गात सगळ्या वर्षांची मिळून चाळीसेक पोरं होती. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘मासिकाची मांडणी : संधी आणि करिअर’. ‘संधी’भोवती एक सूर्यफूल काढलेलं. मी आधी ते सूर्यफूल पुसलं. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

“सर, या फील्डमध्ये स्कोप किती आहे?” पहिल्याच बाकावरच्या पोरानं विचारलं.

“तू मासिक कुठलं वाचतोस?”

“मी... वाचत नाही सर.”

“शेजारचा?”

शेजारच्यानंही मान हलवली.

“तुम्हीच वाचत नाही, तर स्कोप काय मी खिशातनं आणू?”

पुन्हा हशा. मॅडम खोकल्या. मी मग कामाचं बोललो, आणि आजही त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. म्हणालो, पहिली नोकरी छापखान्यात करा. शाई कागदावर कशी पसरते ते नाकानं कळेपर्यंत तिथंच राहा. नोकरी मागायला जाताना पन्नास पानं दाखवू नका, पाच दाखवा, आणि ती का तशी केली ते सांगता आलं पाहिजे. परदेशी मासिकाची नक्कल करून आणाल तर समोरचा ओळखतो, कारण त्यानंही तीच केलेली असते. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, दोन ओळींत त्यांना श्वास घ्यायला जागा द्या. आणि एकाच मासिकाच्या भरवशावर पोट ठेवू नका. मासिकं माणसांसारखीच मरतात, फक्त त्यांच्या मरणाची बातमी कुणी देत नाही.

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी आदल्या दिवशी तयार करून ठेवलं होतं.

मग माझा नेहमीचा खेळ. छापायला जायच्या जुलैच्या अंकाच्या सात-आठ कच्च्या प्रती मी बरोबर नेल्या होत्या. त्या वाटल्या.

“उलट्या धरा,” मी म्हणालो. “डोकं खाली, पाय वर. आता मजकूर वाचता येत नाही ना? छान. आता मजकूर हा नुसता करडा रंग आहे. पान डावीकडं कलतंय का, कुठं कोंडतंय, कुठं मोकळं आहे, ते आता दिसेल.”

पोरांनी प्रती उलट्या केल्या, माना वाकड्या करून बघू लागली. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र प्रत सुलटी केली. काळा कुर्ता, ओढणी खांद्यावर घट्ट पिन केलेली. बोट ओळीवरून फिरत होतं.

“तू गं. उलटी धर.”

“धरली होती सर. मग सरळ केली.”

“कशाला?”

“वाचायला.”

वर्ग हसला. मीही हसलो. “नाव काय?”

“तस्लीम.”

“तस्लीम, वाचायचं काम संपादकाचं. आपण बसवायचं. अकरा वर्षांत मी एक अंक पुरता वाचलेला नाही, आणि माझ्या पानांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.”

हे मी अभिमानानं सांगितलं. लिहून ठेवतो, कारण आता सांगताना अभिमानाचं मला काहीच सापडत नाही.

“सर, एक विचारू काय? राग मानू नका.”

“विचार.”

“‘घरोघर’ बंद पडणार आहे काय?”

मागचा कुणीतरी ‘ओ’ म्हणाला. मॅडमनी खुर्ची सरकवली.

“कुणी सांगितलं तुला?”

“या अंकानंच.” ती उभी राहिली. आगाऊपणा नव्हता तिच्यात, उलट कान लाल झाले होते. “आधी ऐंशी पानं असायची, यात चौसष्टच आहेत. पूर्ण पानाच्या जाहिराती चार आहेत, त्या चारी तुमच्याच. ‘घरोघर वाचा’, ‘घरोघर भेट द्या’. मसाल्याची गेली, सराफाची गेली.”

“पावसाळ्यात जाहिराती कमीच असतात.”

“हो सर. पण कादंबरी? मे महिन्यात तुम्ही छापलं होतं, दिवाळीपर्यंत चालेल म्हणून. माझी आई मोठ्यानं वाचते, गल्लीतल्या बायका ऐकायला येतात. ह्या एका अंकात तिची तीन प्रकरणं कोंबलीत आणि खाली ‘समाप्त’.”

मी हातातल्या प्रतीत ते पान काढलं. मीच लावलेलं. कादंबरीचा मजकूर या वेळी जास्त आला म्हणून मी अक्षर अर्ध्या पॉइंटानं बारीक केलं होतं. का जास्त आला, ते माझ्या मनात आलंच नव्हतं.

“आणि सर, दिवाळी अंकाची चौकट नाही.” आता तिचा आवाज खाली आला. “जुलैच्या अंकात दरवर्षी असते. दिवाळी अंकासाठी साहित्य पाठवा, कागदाच्या एकाच बाजूला लिहा, अशी. माझ्याकडं सहा वर्षांचे जुलै आहेत. सगळ्यांत आहे.”

मासिक चालवणाऱ्या कुणालाही विचारा. दिवाळी अंक सोडायचा म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. वर्षभर रडतखडत निघणारी मासिकं दिवाळीवर जगतात. ती चौकट जिथं यायची तिथं, पान सत्तेचाळीसच्या तळाला, चार बोटं पांढरी जागा होती. चौकटीचा मजकूर आला नाही तेव्हा मला आनंद झाला होता. ती दरवर्षी माझ्या पानाचा तोल घालवायची. बरं झालं पीडा गेली, असं म्हणून ती मोकळी जागा मी कौतुकानं तशीच ठेवली होती.

मासिक मरत होतं आणि मी त्याच्या मरणाची जागा छान मोकळी दिसते म्हणून खूश होतो.

हे सगळं मला त्या बाकासमोर उभ्या उभ्या कळलं. बापूंना एवढ्या घाईनं खुर्चीत माणूस का हवा होता तेही कळलं. कुणीतरी शेवटचे अंक ओढून न्यायला पाहिजे होतं. आणि चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती. कुणाच्या बापाला न भिणारा म्हणून मी गावभर मिरवायचो. तोंडावर खरं बोलतो, असं माझ्याविषयी लोक म्हणायचे, आणि ते म्हणावेत म्हणून मी झटायचो.

“पानं कमी, कारण कागद जाड घेतलाय,” मी म्हणालो. “कादंबरी संपवली, कारण लेखकानं संपवली. आणि दिवाळीची चौकट या वर्षी ऑगस्टमध्ये येणार आहे. अजून काही?”

तिन्हींतलं एकही खरं नव्हतं.

“नाही सर.”

“तू पान बघायला शीक. भविष्य सांगायला रंकाळ्यावर पोपटवाले बसतात.”

वर्ग फुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी पोपटाचा आवाज काढला. तस्लीम खाली बसली आणि प्रत उलटी धरली.

व्याख्यान संपल्यावर मला नारळ दिला, शाल दिली. व्हरांड्यात मी दुसरा चहा घेत होतो, तेव्हा ती आली. हातात फोन होता. साडेतीन वाजले होते.

“सर, चुकलं माझं. सगळ्यांसमोर विचारायला नको होतं.”

“असू दे.”

“मॅडमनी तुम्हाला कारखान्याचं सांगितलंय ना? हुपरीला वडील चांदीचे पैंजण झाळायचं, म्हणजे डाक देऊन सांधे जोडायचं काम करतात. आता त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. पाठचे दोन भाऊ शाळेत आहेत. खोकी करायचा मला कंटाळा येईल, पण तो कारखाना काही उद्या बंद पडणार नाही. मासिकात मी निम्म्या पगारावर पण काम करीन. फक्त ते राहिलं पाहिजे. म्हणून विचारलं.”

“आमच्याकडं जागा आहे,” मी म्हणालो.

“शिकाऊची?”

“सुरुवातीला शिकाऊ. पण जागा माझी. मी पुण्याला चाललोय.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. ही पोरगी सहा वर्षांचे जुलै शेजारी ठेवून बघणारी. आता ही विचारणार, तुम्ही का चाललाय. तसं विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. तिनं विचारलं नाही. ज्या खुर्चीची पानं ती शाळेपासून बघत होती, ती खुर्ची कुणीतरी तिच्यापुढं सरकवत होतं. तिथं भल्याभल्यांचं वाचणं थांबतं.

“तुमच्या जागेवर मी?”

“पानं लावून दाखव दोन महिने. मग बापूच सोडणार नाहीत.”

“आणि सर, खरंच चौकट ऑगस्टमध्ये आहे ना?”

“आहे म्हणालो ना.”

तिनं तिथंच कारखान्याला फोन लावला. मी कपात बघत होतो. “साहेब, मी तस्लीम मुजावर... हो... नाही, मी येऊ शकत नाही... नाही, पगाराचं काही नाही...” मग ती थांबली. पलीकडचा माणूस भला असावा. नक्की ना, परत विचार कर, असं काहीतरी तो म्हणाला असणार. तिनं फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडं पाहिलं आणि भुवया उचलल्या.

मी मान हलवली.

“नक्की साहेब,” ती फोनमध्ये म्हणाली.

कॉलेजातून मी सरळ शाहूपुरीत आलो. बापू मुद्रितं तपासत होते.

“बापू, मासिक बंद करताय?”

“कोण म्हणालं?”

“मी विचारतोय.”

“दोन अंकांचा कागद भरून ठेवलाय. त्यो काय उंदरांना घालू? ऑगस्ट काढू, सप्टेंबर काढू. पुढचं पुढं.” त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. “माणूस मिळाला?”

“मुलगी आहे. चांगली नोकरी सोडून येतीय, बापू.”

“मग हुशार दिसतीय. दोन महिनं शिकंल की.” त्यांनी खणातून कागद काढला. टाइप केलेला, सही-शिक्का मारलेला. “ह्यो घे तुझा.”

मी तो घेतला, घडी न घालता पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवला. तिचा नंबर खिशात होता. कारखाना दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होता. एक फोन केला असता, पोरी, तुझं खरं होतं, जा शिरोलीला, तर त्या भल्या माणसानं तिला कामावर घेतलंही असतं. सोळा जून ते तीस जून, एवढे दिवस माझ्या हातात होते. मी पुण्यात राहायला खोली बघितली, बूट घेतले.

जुलैच्या मध्याला तिचा फोन आला.

“सर, ऑगस्टची पानं लावतीय. दिवाळीच्या चौकटीचा मजकूर कुठं ठेवलाय? फोल्डरमध्ये सापडत नाही.”

मी ऑफिसात होतो. समोर शँपूची जाहिरात होती.

“बापूंना विचार.”

“विचारलं.”

“मग?”

“ते हसले,” ती म्हणाली.

मग ती “बरं सर” म्हणाली आणि फोन ठेवला. एवढंच. ना रडणं, ना शिव्या. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

सप्टेंबरचा अंक मला पोस्टानं आला. पत्ता टाइप केलेला होता; बापू पत्ते हातानंच लिहायचे, म्हणजे त्यांनी पाठवलेला नव्हता. मुखपृष्ठ साधं, देखणं. आत पानं अशी लावलेली की मी दोनदा हात फिरवला. तिसऱ्या पानावर, संपादकीयाच्या खाली, कसलीही नक्षी नसलेल्या चौकटीत, मोठ्या अक्षरात छापलं होतं :

‘घरोघर’चा हा शेवटचा अंक. यापुढं अंक निघणार नाही. दिवाळी अंकही नाही. कुणी वर्गणी भरू नये, साहित्य पाठवू नये. हे वाचकांना संपादकांनी सांगायला हवं होतं. ते सांगत नाहीत, म्हणून पानं लावणारी सांगते आहे. – तस्लीम मुजावर.

त्या दिवशी मी तो अंक वाचला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पाककृती आणि राशिभविष्यासकट. ऑफिसला गेलो नाही.

पुढचं मला हर्डीकर मॅडमकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. शिरोलीची जागा केव्हाच भरली होती. मालकाविरुद्ध छापणारी मुलगी म्हणून कोल्हापुरातल्या दोन छापखान्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. काही महिने ती हुपरीत वडिलांच्या जागेवर बसून पैंजण झाळत होती. मग बेळगावला गेली म्हणे. तिथं काय करते, मॅडमना माहीत नव्हतं. आता सोळा वर्षं झाली. तिचा तो नंबर लागत नाही, आणि लागत होता तेव्हा ती उचलत नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. अंक आला त्याच दिवशी दुपारी बापूंचा फोन आला होता. आवाज चिरका झालेला.

“म्हादू, तूच फोडलंस न्हवं तिला? मी मुद्रितं तपासून दिल्यावर चौकट घातली तिनं, आन् दोन हजार प्रती गावात गेल्यावर मला वाचकाकडनं कळतंय. तुझ्याबिगर ठाऊक कुणाला होतं?”

“तिला ठाऊक होतं बापू. जूनमध्येच. चाळीस पोरांसमोर उभी राहून तिनंच मला सांगितलं.”

“जूनमध्ये?”

“हो.”

“मग आली कशाला मरायला?”

“मी खोटं आहे म्हणालो म्हणून.”

फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. आमच्याच गाळ्यातला पंखा, मी ओळखला. बापूंचा राग ओसरत चालला होता, तेही श्वासावरून कळत होतं.

“बरं केलंस की मग,” ते म्हणाले. अगदी मऊ आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. “तेवढं दोन अंक तरी निघालं.”